चहानंतर बोलणारा कॉम्प्युटर

नांदेडातल्या पाणीपुरवठ्याच्या एका कार्यालयात लुंबिनी सोनकांबळे टेलिफोन ऑपरेटर होती. होती म्हणजे अजूनही आहे, पगारपत्रकावर तसंच येतं. पण टेलिफोन काही राहिला नव्हता. ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आला, तसा तिच्या पुढ्यातला बोर्ड दिवसातून दोनदा वाजायला लागला, मग दिवसाआड, आणि एके दिवशी दोन माणसं येऊन भिंतीवरच्या वायरींसकट तो उचलून घेऊन गेली. टेबलावर बोर्डाच्या आकाराची जागा तेवढी धुळीविना उरली. लुंबिनीला ती हातानं कळली. तिला जन्मापासून दिसत नाही.

"ताई, आता तुम्ही निवांत बसा," साहेब म्हणाले. साहेब नवे, साताऱ्याकडचे, मनानं चांगले. "पगाराची काळजी करू नका."

ह्या 'बसा'नं लुंबिनीला आयुष्यभर छळलेलं होतं. बिलोली तालुक्यातल्या तिच्या गावात लग्न असलं की बाया पोळ्या लाटायच्या आणि हिला म्हणायच्या, तू बस माय. लातूरच्या अंधांच्या शाळेत ती ब्रेल शिकली, टायपिंग शिकली, परीक्षा देऊन नोकरीला लागली, तरी घरी पाहुणे आले की वहिनी हातातला तांब्या काढून घ्यायची आणि म्हणायची, बसा हो वन्सं. बसून बसून माणूस किती थकतं ते उभं राहणाऱ्याला सांगून कळत नाही. संध्याकाळी ती घरी यायची ती दिवसभर कापूस वेचून आल्यासारखी. आई नागुबाई विचारायची, "आज काय काम केलीस गं?"

"काई न्हाई माय. डोकं दुखून राहिलं."

फुकटचा पगार मिळतो म्हणून तिच्यावर जळणारेही ऑफिसात होते. त्यांना एक दिवस तिच्या खुर्चीत बसवायला पाहिजे होतं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, काहीएक न करता. जेवणाच्या सुट्टीआधीच रडकुंडीला आले असते. आणि जे जळत नव्हते ते तिच्याशी इतकं जपून बोलायचे की त्याचाही वीट यावा. कुणी बोलता बोलता 'बघा ताई' म्हणून गेलं की लगेच जीभ चावायचं. सगळ्यांना वाटायचं, आपण केवढे समजूतदार.

उन्हाळ्याच्या तोंडावर वरून फर्मान आलं. गावोगावच्या हातपंपांच्या तक्रारी फोनवर घ्यायच्या आणि त्याच वेळी ऑनलाइन नोंदवायच्या. फोन कुणाच्या टेबलावर ठेवायचा यावरून आठवडाभर ढकलाढकली चालली, कारण पाण्यावाचून तडफडणारा माणूस फोनवर रामराम घालत नाही, शिव्या घालतो. लुंबिनी भिंतीला हात लावत साहेबांच्या केबिनपर्यंत गेली.

"साहेब, तो फोन मला द्या. माझी उमर फोनवरच गेली."

"फोनचं ठीक आहे ताई, पण ते कॉम्प्युटरवर भरावं लागतं. बघू..." आणि साहेबही तिथं अडखळले.

"बघू नका साहेब, देऊनच टाका."

साहेबांना हसू आलं, तसं लुंबिनीचं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं फार किचकट होतं. नोंद ऑनलाइन करायची. पण प्रत्येक तक्रारीला पंपाचा नंबर लागायचा आणि जिल्ह्यातल्या पंपांचे नंबर एका जुनाट प्रोग्रॅममध्ये होते. तो कधीकाळी एका पोरानं बनवून दिलेला. पोरगं पुढं पुण्याला गेलं, प्रोग्रॅम इथंच राहिला. तो फक्त जुन्या विंडोजवर चालायचा, आणि ती जुनी विंडोज ज्या कॉम्प्युटरवर होती तो रेकॉर्ड रूममध्ये फायलींच्या गठ्ठ्यांखाली पडला होता. त्या कॉम्प्युटरवर ऑनलाइनचं पान काही केल्या उघडत नव्हतं. नवा मागावा तर नवे आलेले सगळे वरच्यांच्या टेबलांवर गेले होते आणि तिथं त्यांच्यावर पत्ते खेळले जात होते.

साहेब म्हणाले, "त्या जुन्याचं काही करता आलं तर करा. बिघडला तरी रडणारं कुणी नाही. महिनाभर पाहू. जमलं नाही तर ठेक्यावरचा माणूस घेऊ, आणि तुम्ही..."

पुढचा शब्द लुंबिनीला ठाऊक होता.

तिनं वैजनाथला बोलावलं. वैजनाथ मूळचा मुरुडचा. नांदेडात स्टेशनच्या रस्त्याला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, पण हल्ली त्या दुकानात कॉम्प्युटर कमी आणि मोबाईलची कव्हरं जास्त. जुनं यंत्र दिसलं की त्याला गावाकडचं माणूस भेटल्यासारखं व्हायचं. त्यानं तो डबा उघडला तेव्हा आतून पालीची अंडी निघाली. ती झटकून त्यानं फुंकर मारली, घड्याळाचा सेल बदलला, दुसऱ्या एका मेलेल्या कॉम्प्युटरमधली मेमरीची पट्टी काढून ह्यात बसवली. पंपांची सगळी माहिती आधी वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतली, कारण पुढच्या कामात हात चुकला असता तर जिल्ह्यातले सगळे पंप एका झटक्यात पुसले गेले असते. मग हार्डडिस्कचे दोन वाटे पाडले. एका वाट्यात जुनी विंडोज तशीच राहू दिली, दुसऱ्यात लिनक्स बसवली. ती फुकट मिळते, म्हाताऱ्या डब्यावरही चालते आणि नवी पानं उघडते. दोन्हीकडं पडद्यावरचं वाचून दाखवणारा बोलका प्रोग्रॅम टाकला. लिनक्समधला आवाज असा नाकातून यायचा की पडसं झालेल्या माणसानं नोटीस वाचावी.

"एका घरात दोन बिऱ्हाडं म्हना ताई," वैजनाथ म्हणाला. "पर दार एकच. एक आत असंल तवा दुसरं बाहीर."

"मग दारात कोण ठरवतं, कुणाला आत घ्यायचं?"

"तुमीच. चालू केलं की पडद्यावर दोन नावं येतात. वर लिनक्स, खाली विंडोज. वरचं पाहिजे तर काईच करायचं न्हाई, आपोआप चालू होतं. खालचं पाहिजे तर तेवढ्यात खालचा बाण एकदा दाबायचा, मग एंटर..." बोलता बोलता तो थांबला.

"नावं आली हे मला कसं कळणार?"

वैजनाथनं डोकं खाजवलं. बोलका प्रोग्रॅम आत गेल्यावर बोलतो. दारात सगळी सामसूम. आपण एवढा खटाटोप केला आणि जिच्यासाठी केला तिला उंबऱ्यावरच अडकवलं, हे त्याच्या ध्यानात आलं तसा तो बिचारा खजील झाला. डबा तसाच टाकून गेला. दुसऱ्या दिवशी आला तो हसतच. ह्या जुन्या डब्यांच्या पोटात एक बारीकसा भोंगा असतो, नव्यांमध्ये बहुतेक तो नसतोच; तो भोंगा दोन नावं आली की वाजवायची सोय निघाली होती.

"कोन्तं गानं लावू ताई? सांगा फकस्त."

"गाणं नको. तीन सूर पुरे. गाणं वाजलं तर लोक म्हणतील ताईला खेळणं आणून दिलं."

तीन सूर ठरले. ते वाजले की बाण. लुंबिनीनं दुपारभर तोच सराव केला, चालू करायचं, सूर ऐकायचे, बाण दाबायचा किंवा नाही दाबायचा. संध्याकाळी बोटं दुखत होती. वैजनाथनं आवाजाचे स्पीकर कपाटावर उंच ठेवले, खाली वायरी उंदीर कुरतडतात म्हणून.

कामाची रीत तिनं स्वतःच बसवली. सकाळी फोनांची झोड असायची, तेव्हा लिनक्स चालू ठेवून तक्रारी थेट ऑनलाइन भरायच्या. जेवणाआधी कॉम्प्युटर बंद करून विंडोजमध्ये घालायचा. त्याला उठायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात भाकरी खाऊन व्हायची. मग पंपांचे नंबर शोधून ब्रेलच्या पाटीवर टोचून घ्यायचे आणि पुन्हा लिनक्समध्ये येऊन ते नंबर भरून टाकायचे. एकाच कामासाठी दिवसातून दोनदा बिऱ्हाड बदलायचं म्हणजे शहाण्या माणसाचंही डोकं उठावं. पण ते डोकं उठणं तिला चालत होतं.

चारेक दिवस बरे गेले आणि मग कॉम्प्युटरनं ढोंग करायला सुरुवात केली.

ती दहाला यायची तर डबा आधीच चालू. पंख्याची घरघर हाताला लागायची, आवाज मात्र नाही. ती कळा दाबून दाबून थकायची. लाईट जाऊन आली की हे जुने डबे कधी आपले आपण चालू होतात, असं वैजनाथनं सांगितलं होतं, म्हणून चालू असल्याचं तिला नवल वाटलं नाही. ती बटण दाबून धरून बंद करायची, पुन्हा चालू करायची. तीन सूर बरोबर वाजायचे, आणि त्यापुढं काही नाही. इकडं फोन खणखणत असायचा. किनवटकडचा कुणी ओरडायचा, हिमायतनगरची बाई रडायची, आणि ही पाटीवर टोचत राहायची. मग साडेअकराच्या सुमाराला, चहा आला की कॉम्प्युटर आपोआप बोलायला लागायचा. वैजनाथला फोन केला की तो येईपर्यंत सगळं ठणठणीत.

"चालू हाय की ताई."

"आता हाय."

"म्हातारं झालंय. गरम व्हायला टाईम घेत असंल."

ऑफिसात त्याची थट्टा सुरू झाली. सरकारी कॉम्प्युटर आहे, चहा घेतल्याशिवाय कामाला लागत नाही, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. लुंबिनीही हसली. हसली नाही तर पुन्हा जपून बोलायला लागतील, ही भीती होती.

आता खरं काय होतं ते वाचकांना सांगून टाकतो, उगाच ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. ऑफिसचा शिपाई ईश्वरप्पा, देगलूरकडचा. रोज सकाळी झाडलोट करायला यायचा. लुंबिनीताईला किती खटपट करावी लागते हे पाहून त्याचा जीव हळहळला, म्हणून ताई येण्याआधी आपणच कॉम्प्युटर चालू करून ठेवावा असं त्यानं मनाशी ठरवलं. पहिल्याच दिवशी रिकाम्या खोलीत नाकातून कुणीतरी बोललं आणि ईश्वरप्पाच्या हातातला झाडू पडला. तेव्हापासून तो आधी कपाटावरच्या स्पीकरचा कान पिळून आवाज बंद करायचा. पुढं साहेबांच्या दारात उभं राहण्यात त्याची सकाळ जायची. ताईचा चहा घेऊन आला की त्याला आठवायचं, मग कप ठेवता ठेवता तो स्पीकरचा कान पुन्हा सरळ करायचा. भीक नको पण कुत्रा आवर म्हणतात, ती गत. फक्त ह्या बाईला कुत्रा आहे हेच माहीत नव्हतं. आणि ईश्वरप्पा कुणाला सांगणार नव्हता. पुण्याचं काम बोलून दाखवलं की फिटतं, असं त्याच्या आजीनं त्याला शिकवलेलं होतं.

महिना संपत आला. साहेबांच्या पडद्यावर रोज सकाळच्या तक्रारींचा रकाना दुपारपर्यंत रिकामा दिसायचा आणि वरून विचारणा यायची. एका संध्याकाळी ते लुंबिनीच्या टेबलापाशी आले.

"ताई, तुम्ही फार प्रयत्न केले. राहू द्या आता. एक तारखेपासून ठेक्याचा मुलगा येईल."

ते इतक्या हळू आवाजात बोलले की लुंबिनीला त्यांचा रागही करता येईना. तिनं मान हलवली. त्या रात्री ती जेवली नाही. नागुबाईनं ताट पुढं सरकवलं तर म्हणाली, "माय, त्यांनी मला हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं." नागुबाईला ह्यातलं काही कळलं नाही, पण तिनं ताट उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी ईश्वरप्पा रजेवर होता, भाच्याच्या लग्नाला देगलूरला. लुंबिनी आली तर कॉम्प्युटर थंडगार. कपाटावरचा स्पीकर आदल्या दिवशीच्या चहानंतर सरळ होता तसाच. तिनं बटण दाबलं, तीन सूर झाले, आणि पाठोपाठ तो पडसं झालेला आवाज बोलायला लागला. अकरापर्यंत तिनं सगळ्या तक्रारी भरून टाकल्या. मग तिला चहाची तलफ आली, आणि चहा आलाच नाही.

ती टेबलावर हात ठेवून थांबली. चहा नाही, तरी कॉम्प्युटर बोलला. चहा आणतो ईश्वरप्पा. रोज चहा ठेवताना कपाटाच्या बाजूला कुणी टाचा उंचावून हात वर केल्यासारखी कपड्यांची सळसळ व्हायची. तिनं ती ऐकली होती, पण अप्पा जाळी झटकत असेल असं समजून सोडून दिली होती. कान हेच जिचे डोळे, तिनं ऐकलेलं वाया घालवलं याचं तिला सगळ्यात वाईट वाटलं.

पुढच्या सकाळी ती भावाला स्कूटरवर लवकर सोडायला लावून ऑफिसात आली आणि दाराबाहेर उभी राहिली. आत झाडू चालला होता. झाडू थांबला. बटणाची टिचकी. तीन सूर. थोड्या वेळानं नाकातला आवाज बोलू लागला आणि अर्ध्या शब्दावर कुणीतरी त्याचा गळा दाबला.

"अप्पा, काय करून राहिलाव?"

ईश्वरप्पा दचकला. "काई न्हाई ताई, झाडून राहिलो."

"कॉम्प्युटर कोण चालू केला?"

तो पुटपुटला, "म्याच. तुमाला तरास नको म्हनून. रोजच करतो."

"अन् मला सांगितलं का न्हाई?"

"सांगून करायचं ते कसलं पुण्य ताई? बोलून दाखवलं की फिटतं."

लुंबिनीच्या अंगात महिनाभराचा, की आणखी जुना, थकवा एकदम उसळून आला. "तुमाला पुण्य लागून राहिलं अप्पा, अन् माझं काम बुडून राहिलं! एक तारखेपासून दुसरा माणूस येतो इथं. तुमच्या चांगुलपणापायी. कुणी सांगितलं होतं तुमाला?" तिचा आवाज चढला तसा बाहेरचा चौकीदारही दारात आला. ऑफिसात तिला असं ओरडताना कुणी ऐकलं नव्हतं.

ईश्वरप्पा खाली फरशीवरच बसला. "ताई, माझी थोरली भैन हाय, शिवम्मा. तिचे डोळे गेले दोन सालाखाली. तिला म्या कशालाच हात लावू देत न्हाई. पानीबी हातात देतो. तिला करतो तसंच तुमाला केलं."

"मग ती काय करते दिसभर?"

"काय करती? बस..." आणि ईश्वरप्पानं तोंड मिटलं.

साहेब आले तेव्हा तो केबिनमध्ये गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्यानं सगळं सांगितलं. रोज कॉम्प्युटर कसा चालू केला, स्पीकरचा कान कसा पिळला, का पिळला. महिनाभर जमवलेलं पुण्य त्या बाबानं एका दमात उधळून टाकलं. साहेब आधी हसले, मग हसायचे थांबले आणि ठेकेदाराला फोन लावून म्हणाले, सध्या माणूस पाठवू नका.

कपाटावरचे स्पीकर खाली टेबलावर आले. मग उन्हाळा असा तापला की लुंबिनीला मान वर करायला फुरसत मिळेना. फोन ठेवते न ठेवते तो पुढचा. लोकांच्या शिव्या ऐकून संध्याकाळी कान बधिर व्हायचे. दोन बिऱ्हाडांचा तो डबा मधेच दम टाकायचा, तिनं भरलेलं गिळून टाकायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. घरी गेल्यावर ती भिंतीला टेकायची आणि तशीच झोपून जायची. नागुबाई म्हणायची, हे कसलं काम घेतलीस गं अंगावर.

आणि एक दिवस तिच्या हातून चूक झाली. किनवटच्या जंगलातल्या एका गावाची तक्रार भरताना, नंबर टाकण्याच्या घाईत, तिनं पंप दुरुस्त झाल्याची नोंद करून टाकली. मेकॅनिक गेलाच नाही. तिथल्या बाया चार दिवस ओढ्याच्या डबक्यातून पाणी गाळून नेत होत्या. गावातून वर फोन गेला, वरून साहेबांना.

साहेब केबिनमधून बाहेर आले ते आवाज चढवतच.

"सोनकांबळे! ही नोंद तुमचीच ना? काय चाललंय काय? चार दिवस लोक डबक्यातलं पाणी पितायत आणि तुम्ही इथून दुरुस्त म्हणून कळवताय? झोपेत भरता का नोंदी?"

सगळं ऑफिस जागच्या जागी थिजलं. ईश्वरप्पा पाण्याचा तांब्या घेऊन मधे धावला. "साहेब, ताईला दिसत न्हाई ओ, आसं नका..."

"अप्पा, तुमी मधात पडू नका," लुंबिनी म्हणाली. ती उभी राहिली. "चूक माझी हाय साहेब. पुन्ना तपासायला पाहिजे होतं. तपासलं न्हाई."

"मग तपासत जा! आत्ताच्या आत्ता मेकॅनिकला गाठा. गाडी निघाल्याशिवाय घरी जायचं नाही. आणि लेखी खुलासा हवा मला, उद्या सकाळी."

"देते साहेब."

साहेब आत गेले, दार धाडकन लागलं. लुंबिनीनं मेकॅनिकला गाठलं, गाडी निघाल्याची खात्री केली, मग त्या गावात फोन लावून ज्या बाईनं तक्रार केली होती तिची माफी मागितली. त्या बाईनंही तिला सोडलं नाही. ऑफिस रिकामं झालं तरी ती बसून खुलासा टाईप करत होती, एकदा लिहून पुन्हा ऐकत होती.

घरी पोचेपर्यंत अंधार पडला होता. नागुबाई दारातच होती. "एवढा उशीर? काय झालं गं?"

"चूक झाली माय माझ्या हातून. साहेब लई बोलले. सगळ्यांसमोर."

"आग लागो त्याच्या तोंडाला! आंधळ्या लेकराला बोलतो मुडदा..."

"त्याला शिव्या देऊ नको माय," लुंबिनी म्हणाली आणि चप्पल काढता काढता उंबऱ्यावरच बसली. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तिला ते पुसावंसं वाटत नव्हतं. "मला आजवर कुणीच कामावरून बोललं नव्हतं."